डिकीतला वूफर आणि दादांची ढोलकी

आठवणी लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला कधीच वाटले नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणांपलीकडे मी काही लिहिले नाही आणि निवृत्तीनंतर लेखणी हाती धरावी असे माझ्या आयुष्यात फारसे घडलेलेही नाही. त्यातून विषय असा, की जाणकारांना हसू यावे: एका लहानशा गाडीच्या डिकीत बसवलेला वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज घुमवणारा मोठा स्पीकर. या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, पिंपरीजवळच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्याला एका दणक्यात आकार देणाऱ्या यंत्रांसमोर ते कानात कापसाचे बोळे घालून उभे राहत. त्यांच्या बरोबरीचे सगळेच हळूहळू कानांनी अधू होत गेले. आमच्या वस्तीत माणसे इतक्या मोठ्याने बोलत, की इतरांच्या घरांत संभाषण हलक्या आवाजात चालते हे मला कॉलेजात गेल्यावर समजले. माझा आवाज मात्र जन्मापासूनच बारीक. "बोलतीयेस का नुसते ओठ हलवतीयेस?" असे दादा विचारत आणि मी अधिकच संकोचून गप्प होत असे.

प्रेस शॉपच्या माणसांची एक रीत होती. यंत्र चालू असताना कुणी काही सांगायला आले, तर ऐकू येवो न येवो, मान डोलवायची. सांगणे बहुधा चहाचे किंवा शिफ्टच्या अदलाबदलीचे असे, त्यामुळे निभावून जाई. दादा ती मान घरीही घेऊन येत, आणि निवृत्तीनंतर तर तीच उरली. भाजीवाल्याला, जावयाला, डॉक्टरांना, सगळ्यांना ते प्रसन्नपणे होकार देत. महापालिकेच्या रुग्णालयात आम्हाला सांगितले होते, की अशा कानांतून बारीक आवाज आधी जातात आणि खर्जाचे थोडे टिकून राहतात. कानाचे यंत्रही घेतले होते. ते भाजीबाजाराचा सगळा गलका एकदम डोक्यात ओतते, म्हणून दादांनी ते कपाटात ठेवून दिले.

तरुणपणी ते वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. लग्न असो, बारसे असो की एप्रिलमधली जयंती, त्यांच्या ढोलकीवाचून कार्यक्रमाला रंग चढत नसे. कान गेले तशी ती ढोलकी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली, पुढे दादा माझ्याकडे राहायला आले तेव्हा तशीच आमच्या माळ्यावर चढली, आणि तिच्याविषयी घरात कुणी बोलायचे नाही असे न ठरवताच ठरले.

काही वर्षांपूर्वी, जयंतीच्या दोन-अडीच महिने आधी, वस्तीतल्या मंडळाची तरुण मुले घरी आली. जुनी पार्टी पुन्हा उभी करतोय, यंदा ढोलकी तुमचीच, असे त्यांनी सांगितले. दादांनी मान डोलवली, चहा पाजला, पोरांच्या पाठीवर हात फिरवला. आपण कशाला होकार दिला हे त्यांना आठवड्याने वस्तीच्या चौकात कळले. तिथे फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ढोलकीसह त्यांचा स्वतःचा जुना फोटो होता.

त्या दिवसापासून त्यांचे जेवण कमी झाले. नाही म्हणायचे, तर ऐकू येत नाही हे चारचौघांत कबूल करावे लागणार होते. आणि ते वाक्य त्यांनी आजवर कुणाजवळही उच्चारले नव्हते. वाजवायचे, तर भर मंडपात ताल सुटणार. ते माळ्याकडे पाहत बसून राहत.

अशातच एकदा त्यांना घेऊन मी हिंजवडीच्या रस्त्यावरच्या कोंडीत अडकले होते. शेजारी एक काळी गाडी येऊन थांबली. आतला दणका असा, की आमच्या काचा थरथरत होत्या. अशा गाड्यांचा मला मनापासून तिटकारा. मी काही पुटपुटणार, तेवढ्यात लक्ष गेले, की दादांनी पाठ सीटला घट्ट टेकवली आहे आणि मांडीवर त्यांची बोटे चालू झाली आहेत. ठेका अचूक होता. ती काळी गाडी पुढे सरकली तशी बोटे थांबली.

दुसऱ्याच दिवशी मी दादांना घेऊन, आयुष्यात प्रथमच, पिंपरी कॅम्पातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. मी काय मागते आहे हे त्या फिटरला मला तीनदा सांगावे लागले. "मॅडम, एवढ्याशा गाडीत बारा इंची? सोसायटीतून हाकलतील तुम्हाला," तो म्हणाला. मग दादांकडे बघून ओरडला, "काका, डीजे लावताय काय?" दादांनी अर्थातच मान डोलवली.

काम मी शेजारी उभी राहून पाहिले. बॅटरीवरून बोटाएवढी जाड लाल वायर निघाली. बॅटरीलगतच तिला फ्यूज बसवला, म्हणजे वायर कुठे घासली तरी आग लागायला नको. इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात रबरी बूच घालून त्यातून ती आत ओढली आणि पायपुसण्यांखालून मागे डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत नेली. गाण्याची बारीक वायर मुद्दाम दुसऱ्या बाजूने नेली, कारण दोघी शेजारी आल्या तर इंजिनाची घरघर गाण्यात शिरते. काळी वायर डिकीतल्या पत्र्यावर बोल्टने आवळली. शेवटी ॲम्प्लिफायरवरचा एक खटका सरकवला. आता केवळ खर्जाचा आवाज त्या मोठ्या पेटीत जाणार होता, बाकीचा दारांमधल्या लहान स्पीकरांत.

चाचणीचे गाणे लागले. फिटर खूश होता, मलाही ठीक वाटले. दादा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मधीच दम सोडतोय."

फिटर हसला. तरी त्याने वाकून तपासले. काळ्या वायरीच्या बोल्टखाली रंगाचा पापुद्रा राहिला होता. त्याने पत्रा उघडा पडेपर्यंत घासला आणि बोल्ट पुन्हा आवळला. "काका, पाठीला कान आहेत का हो तुमच्या?" त्याने ओरडून विचारले. हे मात्र दादांना ऐकू गेले. ते कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

गायन पार्टीची एक जुनी कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. पिंपळे सौदागरला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दादांना पुढच्या सीटवर बसवून ती लावली. ढोलकी सुरू झाली. डाव्या हाताची घुमणारी थाप पेटीतून निघून त्यांच्या पाठीत शिरत होती. उजव्या हाताची कडक, बारीक थाप दारातल्या स्पीकरांतून येत होती आणि ती त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. मला वाटले, एवढे अर्धे ऐकून त्यांना वाईट वाटेल. पण त्यांनी उजवा हात उचलला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ती थाप स्वतः वाजवू लागले. जिथे कॅसेटमधला तरुण हात पडत होता, तिथेच हा म्हातारा हात पडत होता.

त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी गाडीत बसत असू. पहारेकऱ्याने तक्रार आल्याचे सांगितले, तेव्हा माझ्यासारख्या माणसाने तीन मजल्यांवरच्या लोकांची दारात जाऊन माफी मागितली आणि कार्यक्रम होईपर्यंतची मुदत मिळवली. ढोलकी जपून माळ्यावरून काढली गेली, तिची चामड्याची पाने ताणली गेली.

जयंतीच्या आदल्या दिवशी मंडपात रंगीत तालीम होती. मुलांनी दादांना हाताला धरून गायकाशेजारच्या गादीकडे नेले. दादा बसले नाहीत. सगळ्यांसमोर, कारखान्यात बोलत तशा आवाजात ते म्हणाले, "पोरांनो, मला ऐकायला येत न्हाई. लई वर्षं झाली. त्या मोठ्या डब्ब्याला टेकून बसू द्या मला, मग वाजवतो."

मग कुणीतरी म्हणाले, "काका, आधी सांगायचं ना राव," आणि दोघांनी गादी ओढत साउंडच्या काळ्या डब्ब्याजवळ नेली.

दुसऱ्या दिवशी ते वाजवायला बसले. एका गाण्यात ते जरा पुढे धावले, तेव्हा गायकाने गाता गाता त्यांच्या गुडघ्यावर ताल धरला आणि ते परत आले. फार उत्तम वाजवले असे मी म्हणणार नाही. परंतु घरी परतताना ते जेवायला काय आहे, हे विचारत होते.

त्या दिवसानंतर दादांनी न ऐकता मान डोलवणे सोडले. "कळलं न्हाई, परत सांग," असे ते सगळ्यांना म्हणू लागले आणि काहींना त्याचा त्रासही झाला. मला आनंद झाला, पण त्याबरोबर एक शंका मनात आली, ती अजून गेलेली नाही. पुढे शिकायचे आहे, हे मी माझ्या बारीक आवाजात त्यांना सांगितले होते तेव्हा त्यांनी मान डोलवली होती. लग्न माझ्या पसंतीने करायचे आहे, असे सांगितले तेव्हाही. त्या होकारांच्या आधारावर मी माझे सारे आयुष्य उभे केले. त्यांनी ते शब्द ऐकले होते का, हे त्यांना विचारायला मला पुढे दोन वर्षे मिळाली. रोज शेजारी बसूनही मी विचारले नाही, आणि आता ते नाहीत.

तुम्ही असता, तर विचारले असते का?