दस्तीखालचा उजेड

बैल विकत घ्यायचा असला की माणूस आधी बैलाकडं बघतो आणि मग दलालाच्या तोंडाकडं. दगडोबांच्या बाबतीत हे दुसरं बघणं वाया जायचं, कारण त्यांच्या तोंडावर काही दिसतच नसे. चाकूर तालुक्यातल्या त्यांच्या गावापासून हाळीच्या बैलबाजारापर्यंत सगळे म्हणत, की आईबापांनी बारशाला पोराचं तोंड नीट न्याहाळूनच नाव ठेवलं. देवणी बैलांची जोडी चढ्या भावानं गेली तरी तोंड तेच, सौदा फिसकटला तरी तेच. त्यांच्या बायकोचं, केवळाबाईंचं, म्हणणं असं की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही हे तोंड असंच होतं, आणि आपण पसंत पडलो का नाही हे त्यांना अजून समजलेलं नाही.

या धंद्यात असं तोंड म्हणजे मोठं भांडवल. बैलबाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या उजव्या हातांवर खांद्यावरची दस्ती टाकतात आणि त्या फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. वर तोंडानं पाऊसपाणी, पोराबाळांची लग्नं, सोयाबीनवरचा रोग असल्या गप्पा चालू. भोवती माणसांचं कडं उभं असलं तरी खाली काय चाललंय याचा कुणाला पत्ता नाही. पण बोटं लपली तरी तोंड उघडंच राहतं, आणि चांगले चांगले तिथंच सापडतात. दगडोबा आजवर सापडले नव्हते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

अशा माणसाला मागच्या थंडीत भर बाजारात भोवळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मधूनच पळतात, गोळ्या घ्या, दगदग कमी करा. त्यांची लेक मंजुश्री नांदेडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तिनं डॉक्टरांच्याही पुढं जाऊन फर्मान काढलं, "अण्णा, आता बाजार बंद." दगडोबा म्हणाले, "मंग मला बी बंद कर." बापलेकीत चार दिवस अबोला झाला, आणि शेवटी मंजुश्रीनंच तोड काढली. नव्या तऱ्हेचं एक स्मार्ट घड्याळ तिनं विकत आणलं. ते मनगटावर बांधायचं. ठोके पळाले की नांदेडला तिच्या मोबाइलवर कळणार. चार बाजार बघायचे. त्यात ठोके पळाले तर बाजार सुटला, नाही पळाले तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

"कबूल?"

"कबूल," दगडोबा म्हणाले. जबान दिली म्हणजे दिली. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. ज्या जनावरात खोड निघते ते परत करता येतं, हा बाजाराचा कायदा. घड्याळातही खोड निघाली तर ते परत जाईल आणि अटही त्याच्या पाठोपाठ जाईल. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं, खालून वरून बघितलं. दात असते तर तेही मोजले असते.

पहिली खोड बांधतानाच निघाली. डाव्या मनगटावर जुन्या काळी एका मारक्या बैलानं शिंग घातलेलं, तिथं हाडाचा उंचवटा आलेला. घड्याळ तिथं सपाट बसेना आणि सपाट बसल्याशिवाय त्याला ठोके कळेनात. मग ते उजव्या हातावर गेलं. दगडोबांनी लगेच नांदेडला फोन लावला. "पट्टा रबराचा हाय. घाम धरून राहिलाय. बैलाच्या येसणीला बी लोक सुती दोर घालतेत." आठवड्याच्या आत कापडी पट्टा आला.

दुसरी तक्रार खाण्याची. "याला रोज चारजिंगला लावावं लागतंय. खातंय रोज आन काम काडीचं न्हाई."

"बैल बी रोजच खातो की, अण्णा," मंजुश्री म्हणाली. हे उत्तर दगडोबांना मनातून आवडलं, पण तसं काही त्यांनी आवाजात येऊ दिलं नाही.

तिसरी तक्रार मात्र दमदार होती. गोठ्यातल्या खोंडानं मीठ समजून घामेजलं मनगट चाटलं, घड्याळाच्या काचेवरून जीभ फिरली आणि धर्माबादच्या मेव्हण्याला फोन लागला. फोनवर कुणी बोलेना, नुसतं फुसफुस ऐकू येतंय म्हटल्यावर मेव्हणा घाबरून दुसऱ्या दिवशी दारात हजर झाला आणि तब्येत ठणठणीत बघून पाहुणचाराला आठ दिवस राहिला. "बैलाच्या जिभेनं चालू होतंय, आन माझ्या बोटानं होत न्हाई," दगडोबा म्हणाले. गोठ्यात जाताना काच कशी बंद ठेवायची ते मंजुश्रीनं फोनवरून शिकवलं. मग अक्षरं बारीक निघाली. ती मोठी केली तर अर्धाच आकडा दिसायला लागला. जेवून घटकाभर टेकावं तर घड्याळ थरथरून म्हणे, उठा, थोडं चाला. "मला उठा म्हणणारी घरात एक हाय," दगडोबा म्हणाले, "दुसरी कामून?" स्वयंपाकघरातून केवळाबाईंनी या वाक्याची नोंद घेतली आणि त्या दिवशीचा चहा उशिरा आला.

एवढं करून दगडोबा अन्यायी माणूस नव्हता. घड्याळ एकदा जनावरांच्या हौदात पडलं आणि जिवंत बाहेर आलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन करून तोही गुण सांगितला. खोड सांगायची तर गुणही सांगावा. नाहीतर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही.

पहिले दोन बाजार बिनघोर गेले. मंजुश्री मोबाइलपुढं डोळे लावून बसली होती आणि ठोके हलेनात. समोरचा माणूस बैलाचं वय विचारत होता, दगडोबा त्यातलं एक वर्ष खुशाल गिळत होते, आणि घड्याळात सगळं शांत. लाथाळ बैलाला त्यांनी गरीब गाय म्हटलं, तरी शांत. संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "अण्णा, बाजारात तुम्ही झोपता का काय?" दगडोबांची छाती भरून आली. नुसतं तोंडच नाही, तर आतून पण आपण दगडच आहोत, हे आता मशीनही सांगायला लागलं होतं.

तिसऱ्या बाजारी लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याची लाल कंधारी जोडी विकायची होती. घ्यायला आला बसवंत. हा उदगीरच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा व्यापारी. अंगानं भारी, बोलायला मऊ, आणि दगडोबांचा उभ्या जन्माचा सोबती म्हणा की वैरी म्हणा. एकमेकांना चुना लावायचा आणि मग एकाच टपरीवर चहा प्यायचा, असं त्यांचं नातं. अजून नीट उजाडलं नव्हतं, बाजारात धुकं होतं. दस्ती पडली, हात आत गेले. दगडोबांनी बोटं धरायला मनगट वळवलं, आणि मनगट वळलं की आपण जागं व्हायचं असतं, हे त्या शहाण्या घड्याळाला शिकवलेलं होतं. दस्तीखाली लख्ख उजेड पडला. पातळ पांढऱ्या फडक्यावर दोघांच्या बोटांच्या सावल्या उमटल्या. जत्रेतल्या पडद्यावर दिसावं तसं सगळ्या कड्याला दिसलं.

"चार धरलेत, चार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"येनप्पा!" असं कानडीत ओरडून बसवंतनं विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. बाजार पोट धरधरून हसला. भाव चव्हाट्यावर आल्यावर सौदा कसला होतो? लिंबाजी जोडी घेऊन घरी गेला. दगडोबांचं तोंड तसंच होतं, पण नांदेडला लावलेला फोन त्या दिवशी लांबला. "सगळ्या खोड्या माफ करतो, पण ही मारकी खोड हाय," ते म्हणाले. मंजुश्रीला हसू आवरेना. तिनं तेही फोनवरूनच बंद करायला सांगितलं. आता घड्याळ परत करायला एकही कारण उरलं नव्हतं.

चौथा बाजार शेवटचा. हा सुखरूप गेला की दगडोबा मोकळे. लिंबाजीची तीच जोडी, समोर बसवंतच. दस्ती पडली. बसवंतनं आत हात घातला, दगडोबांचं मनगट चाचपलं आणि थांबला.

"दगडू, हे काढ."

"उजेड न्हाई पडत आता. पोरीनं बंद केलाय."

"उजेडाचं न्हाई रे. हे बरोबर नाडीवर बसलंय. मला कायबी कळंना झालंय."

"तुला नाडी कशापायी पायजे?"

बसवंत आवाज खाली आणून म्हणाला, "आता म्हातारपणी काय लपवू? तुझ्या तोंडाकडं मी कवाच बघत न्हाई. तिथं काय दिसतंय? मी अंगठा नाडीवर ठेवतो. तुला सौदा लई पायजे असला की तुझी नाडी पळत न्हाई, दबती. लपून बसलेल्या जनावरावानी हळू पडती. ती दबली का मी भाव तोडतो. पैल्यापासून हेच करून राहिलोय."

दगडोबांना सगळ्या बाजारानं दगड म्हटलं, लेकीच्या मशीननं दगड म्हटलं, आणि हा गडी आयुष्यभर आत हात घालून सगळं वाचत होता! पण बसवंतचं संपलं नव्हतं.

"मागच्या थंडीत तुला भोवळ आली, त्या दिशी मात्र ती दबली न्हाई. पळाय लागली, येड्यावानी. म्हणून तर मी सौदा सोडला आन तुला लिंबाखाली नेऊन बसवलं. तू पडलास ते मागून."

आता हे दगडोबांना कुठं बसलं असेल ते सांगायला हवं. त्या दिवशी बसवंत भाव ऐकून घाबरला, दस्ती टाकून पळाला, असं त्यांनी महिनाभर टपऱ्याटपऱ्यांवर सांगितलं होतं. बसवंतच्या तोंडावरही सांगितलं होतं. तो चहा पीत ऐकत होता आणि हसत होता. दगडोबांना एकदम लाज वाटली. मनगटावर घड्याळ थरथरायला लागलं. पाठोपाठ खिशातला मोबाइल वाजला.

"अण्णा, सोडा ते सगळं आन खाली बसा!" मंजुश्री होती. "मी निघून राहिलेय."

फोन बसवंतनं घेतला. "पोरी, सौद्यापायी न्हाई गं. माझ्या बोलण्यानं झालं हे." पण ती बस स्टँडकडं निघाली होती. बसवंतनं दुसऱ्यांदा दगडोबांना लिंबाखाली नेलं आणि ठोके जागेवर येईपर्यंत उठू दिलं नाही.

दिवेलागणीला मंजुश्री घरी पोचली. बॅग टाकली, बापाचा हात हातात घेतला, घड्याळ बघितलं, मग बापाकडं बघितलं. केवळाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी थापणं थांबवलं नाही, पण कान इकडंच होता.

"सौदा नव्हता तो," दगडोबा म्हणाले.

"बाजारात पळाले का न्हाई?"

"पळाले."

"ठरलं होतं, अण्णा."

ठरलं होतं, यात वाद नव्हता. बाजार नाही म्हणजे आठवडाभर कशाची वाट बघायची, हे दगडोबांना खरंच सुचत नव्हतं. मग त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि दोघांच्या मध्ये धरली. "बोल," ते म्हणाले.

मंजुश्रीला ही भाषा येत होती. फ्रॉकमध्ये होती तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून तिनं बाजार बघितला होता, घरी दस्तीखाली बोटं धरून गोळ्याबिस्किटांचे सौदे केले होते. तिनं हात आत घातला. दगडोबांनी तिची चार बोटं धरली, म्हणजे महिन्याचे चारही बाजार. तिनं बोटं सोडवून घेतली. त्यांनी तीन धरली. तिनं पुन्हा सोडवली, जरा थांबली, आणि बापाची दोन बोटं घट्ट दाबली.

दोन! बाजार बंद म्हणून आलेली पोर दोनावर आली होती. मुरलेल्या दलालाला एवढं पुरे होतं. आता थोडं ताणलं तर ती तीनावर येणार, हे दगडोबांना दिसत होतं. ताणावं म्हणून त्यांनी हात पुढं सरकवला, आणि सकाळी बसवंतनं सांगितलं होतं म्हणून असेल, अंगठा आपसूक तिच्या मनगटावर गेला.

तिची नाडी दावं तोडलेल्या वासरासारखी धावत होती. वर तोंड मात्र शांत. एक रेघ हललेली नाही. हे तोंड तिनं कुणाचं घेतलं, हे विचारायची गरज नव्हती. नांदेडहून एसटीत बसून इथवर ती अशीच आली असणार. घड्याळ बांधल्यापासून दर बाजारी मोबाइलपुढं अशीच बसली असणार. आणि आपण फोन करून तिला रबराच्या पट्ट्याचं सांगत होतो.

दगडोबांनी आपली दोन बोटं सोडवून घेतली आणि तिचं एकच धरलं.

"अण्णा," मंजुश्री चक्रावून म्हणाली, "मी दोन म्हणले होते."

"ठाऊक हाय."

"मंग एकावर कामून आलात?"

दगडोबांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली. मनगटावरचं घड्याळ काढलं, आणि तिचा हात ओढून तिच्याच मनगटावर ठेवून बघितलं. "सगळ्यात मोठी खोड आज सापडली," ते म्हणाले. "हे भलत्याच माणसाला बांधलंस तू."

मंजुश्रीचं ते शांत तोंड तेवढ्यात विस्कटलं. ती हसतेय का रडतेय ते तिलाही सांगता आलं नसतं. दगडोबांनी दुसरीकडं बघितलं, पण उशीर झाला होता. केवळाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उठल्या, नवऱ्याच्या तोंडाकडं जवळून निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बया, ह्यांच्या डोळ्यात पानी हाय."

"धूर झालाय चुलीचा," दगडोबा म्हणाले.

"गॅसवर करून राहिले मी भाकरी," केवळाबाई म्हणाल्या, आणि तिघांची ताटं वाढायला घेतली.