काका अंदमानला जातात

पोहता न येणाऱ्या माणसांत समुद्राचा एवढा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. गंगापूर रोडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी अंदमानचा ध्यास घेतला आणि आमच्या बिल्डिंगची शांतता गेली. पाण्याखाली नळीने श्वास घेण्याचा सराव म्हणून ते रोज सकाळी दारातच बादलीत तोंड घालून बसत. पहिल्या दिवशी दूधवाल्याने ते पाहिलं आणि "काका गेले!" म्हणून बोंब ठोकली. काकांनी तोंड वर न काढता दोन बोटं दाखवली. दोन पिशव्या ठेव, असा त्याचा अर्थ.

तिकडे बंगाली वस्ती पुष्कळ, असं कुठेसं वाचल्यावर त्यांनी भाषाही शिकायला घेतली. कोपऱ्यावरच्या बंगाली मिठाईच्या दुकानात जाऊन रोज "केमोन आछेन?" म्हणजे कसे आहात, असं विचारायचे. दुकानदाराने आठवडाभर सोसलं आणि मग हात जोडले. "काका, मी नांदगावचा हाय. बंगाली फक्त रसगुल्ला हाय. काय पाहिजे ते आपल्या भाषेत सांगा ना!" काकांनी पाव किलो रसगुल्ले घेतले आणि जाताना बंगालीतच आभार मानले.

सहलीचा अर्ज भरताना मात्र ते अडले. खोली दोघांत एक होती. "तुम्हीच चला," ते मला म्हणाले. एकदा नाही, तीनदा म्हणाले. मी मुलीच्या दहावीचं कारण पुढे केलं. खरं सांगायचं तर आठ दिवस प्रवाळावरची व्याख्यानं ऐकायची माझी तयारी नव्हती. "बरोबर आहे, दहावी महत्त्वाची," काका म्हणाले, आणि पिशवीभर चिवडा घेऊन एकटेच गेले.

आल्यावर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला फोटो पाहायला बोलावलं. नेमकी त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, त्यामुळे गेलो आम्ही नवरा-बायको दोघंच. निळं पाणी, नारळी, तिथल्या लोकांचे नाच आणि ठिकठिकाणी उभी असलेली जोडपी. काका कुठेच नाहीत. "जो तो म्हणायचा, काका, आमचा एक काढा ना," ते म्हणाले. शेवटी एक सापडला, गाईडने काढलेला. रबरी बोटीवर केशरी जाकिटं घालून पाच-सहा जण बसलेत आणि किनाऱ्याकडे हात हलवताहेत. सगळ्यांत मागे काका, दोन्ही हात वर, तोंडभर हसू.

"एवढा कोणाला हात करताय?" बायकोने विचारलं.

"कोणाला नाही हो. बाकीच्यांची माणसं होती ना किनाऱ्यावर. सगळे करत होते, म्हणून मीही केला." मग आमचे चेहरे पाहून घाईघाईने म्हणाले, "पण उलट केला बरं का एकाने! बहुतेक शहाळेवाला होता."

बायको हसली. मला हसू येईना, फार वाईट वाटलं. त्या किनाऱ्यावर उभं राहून हात वर करायचा, एवढंच काम होतं माझं. तेही मी टाळलं होतं.