व्हरांड्यातली मायझाडं

आमच्या घरचा धंदा कचेऱ्यांना भाड्याने झाडं पुरवण्याचा होता असं सांगितलं की लोक आजही हसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही हसू आलं होतं. माझ्या माहेरी झाड म्हणजे बांधावरची बाभूळ नाहीतर परसातला शेवगा. ज्याला शेंग नाही, फळ नाही, ज्याच्या सावलीला शेळी बसत नाही, असलं झाड खोलीत आणून ठेवायचं आणि वर त्याचं भाडं द्यायचं, हे माझ्या वडिलांच्या शेवटपर्यंत गळी उतरलं नाही. त्यांनी मुलगी दिली ती आमच्या विहिरीचं पाणी बघून.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. तरुणपणी ते नगरजवळ भिंगारच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करत होते. गोरे साहेब निघून गेले तेव्हा त्यांच्या व्हरांड्यातल्या कुंड्या कुणालाच नको होत्या. आबांनी त्या बैलगाडीत घालून घरी आणल्या. रबराची झाडं, रंगीत पानांचे क्रोटन आणि एक भलामोठा पाम. गावाने त्यांना वेड्यात काढलं. पण पुढे नगरात बँका आल्या, साखर कारखान्यांची ऑफिसं आली, सरकारी कचेऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक साहेबाला आपल्या टेबलामागे काहीतरी हिरवं हवंसं वाटू लागलं. ते हिरवं आबांकडे होतं.

या धंद्याची एक गोम होती. कचेरीच्या खोलीत झाड खरं म्हणजे जगत नाही. पंख्याखाली आणि फायलींच्या धुळीत ते हळूहळू उतरत जातं. ते डोळ्यांवर यायच्या आत आम्ही ते उचलायचो आणि घरी सावलीत विसावलेलं दुसरं तिथे नेऊन ठेवायचो. गाडी भरून जायची, गाडी भरून यायची. साहेब लोकांना वाटायचं आमची झाडं कधी मरतच नाहीत. मरायला ती आमच्या घरी यायची, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

घरी गोठ्याच्या कडेला पाचटाचं छप्पर होतं. त्याखाली भिंगारहून आणलेली जुनी झाडं उभी असायची. त्यांना आम्ही मायझाडं म्हणायचो. त्यांच्याच फांद्यांना मुळं फुटायला ओल्या मातीच्या गुट्या बांधून, फुटवे काढून बाकीची सगळी रोपं केलेली. कुणी कितीही मोठा साहेब मागो, मायझाड दाराबाहेर जायचं नाही, हा आबांचा नियम होता. "ती गेली की आपुन गेलो," असं ते म्हणायचे, आणि त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. मायझाड असलं की शंभर रोपं मेली तरी धंदा उभा राहतो. ते गेलं की संपलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, त्यामुळे विहिरीने दिवाळीच्या आधीच तळ दाखवला. सुरुवातीला मी भांडी घासलेलं पाणी कुंड्यांना घालायची, मग भांडी राखेनेच पुसायला लागलो. लहान रोपं एकेक करून वाळली. बैल गुरांच्या छावणीत गेले. बँकेने आणि ऑफिसांनी कुंड्या परत न्यायला सांगितलं, लोक काय म्हणतील म्हणून. दुष्काळात दारात हिरवं झाड दिसलं तर लाज वाटते, असं एका साहेबाने आबांना सांगितलं. त्या साहेबाला पंखा चालू ठेवायची लाज वाटली नव्हती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आले होते.

एक कचेरी तेवढी राहिली. दुष्काळी कामांचं सगळं तिथूनच चालायचं, त्यामुळे टँकर आला की तिचा हौद आधी भरायचा. तिथला शिपाई म्हणजे चाचा. आबांची आणि त्याची तंबाखूची जुनी मैत्री. वर्षानुवर्षं आमच्या कुंड्या तोच सांभाळत आला होता. आबांनी पुष्कळ दिवस मनात घोळवलं आणि एक दिवस म्हणाले, "मायझाडं चाचाकडं ठिवू. व्हरांड्यात उजेड बी हाय आन सावली बी हाय. सावलीत झाडाला तहान कमी लागती. पाऊस पडंस्तोवर निगतील."

मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण घरात राहिली असती तर महिनाभरात वाळली असती, हेही दिसत होतं. आम्ही शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. मायझाडं दारातून बाहेर निघाली तेव्हा आबा त्यांच्याबरोबर पायी चालत गेले. गाडीत बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही ती भिंतीला लावून ओळीने ठेवली. फरशी खराब होऊ नये म्हणून साहेबांच्या हुकुमाने प्रत्येक कुंडीखाली मातीची थाळी. आबांनी चाचाला बजावलं, "आठवड्याला एक तांब्या. वर थेंब न्हाई. जास्त झालं तर मुळं कुजत्यात." चाचाने कानाला हात लावला.

त्यानंतर मी आणि आमचे हे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. आबांचे गुडघे गेलेले, ते घरी. गावातली एखादी गाडी नगरला निघाली की तिच्यात बसून झाडं बघून यायचे. पहिल्यांदा आले ते खुशीत होते. पाम तर म्हणे हसतोय. त्या रात्री त्यांनी रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी कुरकुर न करता खाल्ली, आणि पाऊस पडल्यावर कुठल्या फांदीला गुटी बांधायची ते यांना सांगत बसले.

पुढच्या वेळी आले ते तोंड पाडून. रबराची खालची पानं पिवळी पडली होती आणि वरची मान टाकून लोंबत होती. आबांनी मातीत बोट घातलं तर चिखल. थाळ्या काठोकाठ भरलेल्या.

ते चाचावर तुटून पडले. काम मागायला आलेल्यांच्या सगळ्या रांगेदेखत. "सांगितलं हुतं ना तुला? सरकारी पानी हाय म्हनून वततोस व्हय?"

चाचा म्हणाला, "आबा, तुमी बोलले तेवढंच घालतो. अल्ला बघतोय."

"मग चिखल कुनी केला? आभाळानं?"

एकाने शपथ घेतली, दुसऱ्याने ती खोटी ठरवली. दोन म्हाताऱ्यांची सगळ्या जन्माची मैत्री त्या चिखलापायी बंद पडली. आबा घरी येऊन आम्हाला सांगायचे की माणूस फिरला, दुष्काळाने माणूस फिरतो. मला चाचा तसा वाटत नव्हता, पण चिखल तर खरा होता. आबा रात्रंदिवस तेच उगाळत राहिले. शेवटी हातोडीने माझं बोट ठेचलं आणि मला काही दिवस काम जमेना, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तू जा. रांगेत बस, त्येला कळू दिऊ नको. किती तांबे वततो ते बघ."

मी गेले. रांग व्हरांड्यातून पायऱ्या उतरून पार रस्त्यापर्यंत आली होती. माझ्या पुढे पाथर्डीकडच्या बाया होत्या. त्यांच्या गावाजवळ काम काढावं, एवढंच त्यांना साहेबांना सांगायचं होतं. रात्रभर चालत आलेल्या. त्यांच्या पायांकडे बघवत नव्हतं. चाचा रांजणापाशी उभा राहून प्रत्येकाला पितळी पेला भरून पाणी देत होता. आमच्या कुंड्यांकडे त्याने बघितलंही नाही.

पहिली बाई घटाघटा पाणी प्यायली आणि मध्येच थांबली. पेल्यात थोडं उरलं होतं. ते तिने रबराच्या बुडाशी घातलं, ओली बोटं डोळ्यांना लावली आणि पेला परत दिला.

मला काही विशेष वाटलं नाही. उरलेलं पाणी टाकू नये, झाडाच्या बुडाशी घालावं, हे मलाही आईने शिकवलेलं. मग दुसरीने घातलं. मग तिच्या मागच्या माणसाने. कुणी पेला विसळून ते पाणी घातलं, कुणी घोटभर मुद्दाम राखून घातलं. ज्यांना घरी प्यायला गढूळ पाणीसुद्धा मिळत नव्हतं ती माणसं स्वतःचा घोट आखडून आमच्या झाडाला देत होती. एकही चुकला नाही. एक म्हातारा तर झाडापाशी थबकला, लोंबणारं पान हातात धरून म्हणाला, "लई सुकलंय गं. कुनी पानीच घालीत न्हाई वाटतं." आणि त्याने अख्खा पेला ओतला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुजलेल्या मुळांचं झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. ते जितकं मरत होतं तितकी लोकांना त्याची दया येत होती.

मी उठून ओरडले, "पानी घालू नका त्येला!"

पाथर्डीची बाई माझ्याकडे वळली. "का गं बाई? त्येला बी जीव हाय."

"जास्त पान्यानं मरतंय ते."

"पान्यानं?" ती म्हणाली. "यंदा?" रांगेतलं कुणीतरी हसलं. मला वेड लागलंय असं वाटून एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि मला रडू फुटलं.

चाचाला विचारलं तर तो बिचारा गोंधळून गेला. "बेटी, ते काय पानी घालनं झालं? ते तर उरल्यालं. मी बी घालतो."

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळेच?"

"सगळेच, आबा."

चाचावरचा राग गेला तसे ते खचले. शिव्या द्यायला एक माणूस जरी सापडला असता तरी ते सावरले असते, असं मला अजून वाटतं. ज्या लोकांनी त्यांचा धंदा बुडवला त्यांना काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन झाडं परत आणायला गेलो. आबांनी रबराची कुंडी आडवी करून ठोकली. माती सैल होऊन बाहेर आली आणि तिच्यातली काळी मुळं आबांच्या बोटांत सालीसकट निघून आली. वास सुटला. क्रोटनची तीच गत. शेवटी पाम उरला, तो तेवढा वरून हिरवा होता. आबांनी त्याचा मधला कोंब धरून हलकेच ओढला. तो अलगद हातात आला. पामचा कोंब असा आला की वर कितीही हिरवं असो, आत काही उरलेलं नसतं. आबांनी कोंब बाजूला ठेवला आणि ते पायरीवर बसले.

रांग सगळं बघत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. चाचा रांजणापाशी गेला, पेला भरून आणला आणि आबांपुढे धरला. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो घेतला. अर्धा प्यायले. मग पेला हातात धरून नुसतेच बसले. मला वाटलं, आता हे पाणी रस्त्यावर भिरकावतील. भिरकावलं असतं तर बरं झालं असतं.

आबा गुडघ्यांवर हात देऊन उठले. पामपाशी गेले. त्या कुंडीत आता काहीही जगणार नाही हे त्यांनी नुकतंच स्वतःच्या हाताने बघितलं होतं. उरलेलं पाणी त्यांनी त्याच्या बुडाशी घातलं आणि ओली बोटं डोळ्यांना लावली.

चाचाने पेला परत घेतला आणि पुढच्याला भरून दिला. आम्ही कुंड्या गाडीत चढवल्या. सोमवारी आबा आमच्याबरोबर खडीवर आले.