सातव्या मजल्यावरचं धुणं

दिवसभर यंत्रांना आपोआप चालायला शिकवायचं आणि घरी आल्यावर एकाही यंत्राला आपोआप चालू द्यायचं नाही, असा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. वुडलँड्सला आम्ही सहाव्या मजल्यावर, ते सातव्या. मूळचे नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. तिथे म्हणे माणसाचा हातही न लागता सगळं घडायचं आणि ते घडवून आणणाऱ्यांत हे पुढे. पण यांच्या स्वयंपाकघरात उभं होतं ते कपडे धुण्याचं असं मशीन, की जे पाहून माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं, यांनी घरात उसाच्या रसाचा धंदा काढलाय. चार पायांवर एक पांढरं पिंप, आत घुसळणारा दांडा, आणि वर चरकासारखे दोन रबरी रूळ. धुतलेला कपडा एका बाजूने रुळांत सरकवायचा, दुसऱ्या बाजूने तो पापडासारखा चपटा होऊन बाहेर येई.

देश सोडून निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाकडे ते पुस्तकांचं कपाट घ्यायला गेले होते, आणि हे घेऊन आले. आमच्या ब्लॉकची लिफ्ट तेव्हा पाचव्यानंतर थेट नवव्या मजल्यावर थांबायची, त्यामुळे पाचव्यापासून ते धूड जिन्याने वर न्यायचा मान माझ्या नवऱ्याला मिळाला. त्याची कंबर आठवडाभर धरली होती. मशीनला इथली वीज चालेना, म्हणून शेजारी ट्रान्सफॉर्मर आला. तोही नवऱ्यानेच उचलला.

त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी मशीनवर व्याख्यान, मग चहा. स्वयंचलित मशीनवर त्यांचा राग असा, की पाणी किती घ्यायचं ते मशीन ठरवणार, वेळ किती लावायचा तेही मशीनच ठरवणार, आणि मधेच मोजा राहिला म्हणून दार उघडायला जावं तर उघडणार नाही. माझ्या बनियनचं काय करायचं हे मला विचारायला नको का, असा त्यांचा सवाल असे. त्यांचं मशीन आठ-दहा मिनिटांत कपडे काढी, हवं तेव्हा थांबे, आणि बिघडलं तर ते स्वतः पाना घेऊन खाली बसत. रुळांनी पिळलेले कपडे खिडकीबाहेरच्या बांबूवर बघता बघता वाळत. बटणं तेवढी आतल्या बाजूला दुमडून द्यावी लागत. त्यांनी हौसेने धुवायला नेलेल्या माझ्या नवऱ्याच्या एका शर्टाची तशी दिली नव्हती. शर्ट संध्याकाळी परत आला, बटणं दुसऱ्या दिवशी पाकिटातून आली, आणि तिसऱ्या दिवशी तेच सुई-दोरा घेऊन आले. त्यांची लेक कपाळाला हात लावून सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, “पप्पा, एव्हरीबडी जस्ट प्रेस बटन लाह.” त्यावर ते तिला म्हणत, म्हणूनच तर कुणाला काही येत नाही.

पण त्यांचं खरं वेड पाण्याचं. एकदा भरलेलं साबणाचं पाणी तीनदा वापरल्याशिवाय सोडायचं नाही. पहिला मान पांढऱ्या कपड्यांचा, कारण पौर्णिमेला आणि रविवारी ते वंदनेला विहारात जात ते कडक पांढऱ्यातच. मग रंगीत कपडे, मग पायपुसणी. उरलेल्या पाण्याने जिना धुतला जाई. हा क्रम त्यांच्या बायकोनेही कधी मोडला नव्हता.

त्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे आली आणि पंधराव्या दिवशी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे पलंग सांगितला. आई आयुष्यभर कुणाला आपला रुमालही धुवू न देणारी. आता पलंगावरून उठता यायचं नाही आणि भांडं वेळेवर पोचायचं नाही. दिवसाला तीन तीन चादरी. आमचं मशीन एका धुण्याला सव्वा तास घेई, बाहेर रोज पाऊस, आणि आईला माझ्यापुढेही मान वर करवत नव्हती. तिने पाणी पिणं सोडलं. जेवणही निम्म्यावर आणलं. डॉक्टर रागावले, मी रागावले, ती नुसती भिंतीकडे बघे.

हे वरच्यांना कसं कळलं कोण जाणे. एक दिवस निळी बादली घेऊन ते खाली आले आणि आईच्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, “आई, एक अडचण आहे. माझं तिसरं पाणी रोज वाया जाऊन राहिलं. पायपुसणी पुरत नाहीत. काही धुवायचं असेल तर द्या ना, माझ्यावर उपकार होतील.”

आईने भिंतीकडची मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, “पाणी वाया घालवू नये, दादा. घेऊन जा.” त्या दुपारी ती पेलाभर पाणी प्यायली.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ बादली यायची, दोन-अडीच तासांत चादर पंख्याखाली वाळून, घडी होऊन परत. वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी बादली येऊन गेल्यावर आणखी एक चादर निघाली, म्हणून ती घेऊन मीच वर गेले. दार उघडंच होतं. पिंपात स्वच्छ, नितळ पाणी भरलेलं, आणि त्यात आईची चादर एकटीच फिरत होती. स्टुलावर त्यांचा पांढरा शर्ट आणि विजार, न धुतलेली. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “आईंना सांगू नका. त्या देणं बंद करतील.” माझ्या हातातली चादर घेऊन त्यांनी पहिलं पाणी सोडून दिलं आणि पुन्हा नळ उघडला. त्या वेसाकला ते विहारात फिकट निळा शर्ट घालून गेले. मी खाली येऊन नळ सोडून रडले, आणि आईला काही सांगितलं नाही.

आई चालायला लागली, वॉकर घेऊन. ती साताऱ्याला परत जायच्या दिवशी ते पाया पडले, तर तिने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना. टॅक्सीत बसल्यावर मला म्हणाली, “उरलेल्या साबणाच्या पाण्यातली चादर हाताला बुळबुळीत लागते. त्यांच्याकडची कधी लागली नाही. चाळीस वर्षं धुणं केलंय मी. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.” मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “त्यांनी एवढं खोटं बोलून माझी लाज राखली. ते मोडायचं कशाला?”

नंतर आम्ही सिंगापुरातच बिशानला राहायला गेलो, ते नागपूरला परतले. परवा आई गेली तेव्हा मी त्यांना फोन केला. मग मी सांगितलं, की तिला पाण्याचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“आणि तरी देत राहिल्या?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. मी खरं तर आभार मानायला फोन केला होता. ते राहूनच गेलं.