भाच्याची मिरवणूक डावीकडे वळली

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या सख्ख्या भाच्याचं लग्न भलत्याच मुलीशी लावून देणार होतो. अगदी थोडक्यात हुकलं.

तसं कुणाच्या लग्नात विघ्न आणणं मला परवडणारं नाही. माझं पोटच लग्नांवर आहे. मी शहाद्याला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जोडप्यांना मी वाजतगाजत मांडवापर्यंत पोचवलंय. (त्यातले काही नवरे आजही बाजारात भेटले की माझ्याकडे रागाने बघतात. त्याला माझा इलाज नाही.)

पण गेली काही वर्षं मला वाजवण्याचा कंटाळा आला होता. तीच गाणी, त्याच फर्माइशी, तेच नाचणारे काका. बोटं आपली आपण चालायची आणि मी मनात गॅस सिलिंडर कधी संपेल याचा विचार करायचो. एकदा तर भर मिरवणुकीत, चालता चालता, मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मी बरोबर सुरात होतो! कुणालाच काही कळलं नव्हतं. मला वाईट वाटलं ते याचंच.

घरी आलो की क्लॅरिनेट पेटीत आणि पेटी कपाटावर. माझ्या बायकोच्या, शोभाच्या, ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाली, "पहिले तुम्ही आंग धोता धोता बी गुनगुन करेत. आते नुसता बादलीना आवाज येस."

मी म्हटलं, "बादली सुरात शे ना?"

ती हसली नाही.

अशात माझ्या भाच्याचं, निलेशचं, लग्न ठरलं. माझी मोठी बहीण, आक्का, नवापूरला दिलेली. दाजींचे कोंबड्यांचे शेड आहेत. मुलगी मात्र आमच्या शेजारच्याच गावची, लोणखेड्याची, पूजा नावाची. लग्न पूजाच्या वडिलांच्या मळ्यात, मांडव घालून. आक्काचा फोन आला. "भाऊ, ध्यानमा ठेव. तू मामा शेस. वाजाडनारा नही. बँड आम्ही नवापूरहून लई येतस."

शोभाने तर माझ्याकडून वचनच घेतलं. (तिची भीती अगदीच निराधार नव्हती. आमच्या स्वतःच्या लग्नात मी घोड्यावरून उतरून बँडवाल्यांचा सूर दुरुस्त करायला गेलो होतो.) मी आनंदाने कबूल झालो. नवी सफारी शिवली. आयुष्यात पहिल्यांदा मी लग्नात नुसता पाहुणा असणार होतो, पहिल्या पंगतीला बसणार होतो! वाजवणाऱ्याच्या पानात वरणात कुस्करायची बट्टी पडते तोवर ती बट्टी राहिलेली नसते. ती फोडायला हातोडी लागते.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड लोणखेड्याच्या मारुतीच्या देवळापाशी जमलं. ऊन असं की घोड्यालासुद्धा बूट घालावेसे वाटावेत. निलेश घोड्यावर, तोंडावर मोगऱ्याचा दाट सेहरा. पुढे नवापूरचा बँड आणि त्यांचे क्लॅरिनेटवाले रतन मास्तर. माझ्याहून वडीलधारे, हाताला गोड. फक्त एक अडचण होती, ती त्यांनाही ठाऊक नव्हती. त्यांनी नुकतीच नवी कवळी बसवली होती.

पहिलं गाणं सुरू झालं. रतन मास्तरांनी छाती भरून वरचा सूर लावला. सूर आला आणि सुरामागोमाग कवळीही आली! ती टणकन घोड्यापुढे पडली. दात काढून हसणारी ती वस्तू पाहून घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि निलेशने घोड्याला अशी मिठी मारली की लग्न त्याच्याशीच लागतंय असं वाटावं.

रतन मास्तर माझ्याकडे आले. क्लॅरिनेट पुढे केली. मोकळ्या तोंडाने म्हणाले, "माश्तर, आते तुमीश शांभाळा."

मी शोभाकडे पाहिलं. तिने नकाराची मान हलवली. मी हात मागे बांधले. तेवढ्यात आक्का पुढे आली. "भाऊ! मन्हा पोऱ्या मुकामुकाच जाई का मांडवमा?"

"आक्का, तूच सांगं व्हतं ना, की मी मामा शे..."

"मंग मामा सारखा वाजाड ना!"

शोभाने कपाळावर हात मारला. तिला नवरीचे कपडे घेऊन जीपने पुढे मांडवात जायचं होतं. जाता जाता म्हणाली, "वाजाडा. पन फेटा डोकावरून काढू नका. फोटोमा तरी मामा दिसाले पाहिजे."

मी रुमालाने क्लॅरिनेटचा तोंडाकडचा भाग चांगला पुसला आणि वाजवायला उभा राहिलो. आणि तेव्हा एक गंमत लक्षात आली. मला कुणी काही सांगतच नव्हतं! हे वाजवा, ते वाजवा, जोरात वाजवा, काही नाही. मामाला कोण फर्माईश करणार? मी क्षणभर थांबलो आणि आमची आई हळद लावताना म्हणायची ती चाल हळूच उचलली. कित्येक वर्षांत वाजवली नव्हती. लहानपणी हीच चाल फुंकून बघायला मिळावी म्हणून मी बँडवाल्यांच्या मागे मागे हिंडायचो.

आक्का जागच्या जागी थांबली. तिने पदर डोळ्याला लावला. आणि मग, जी आक्का गुडघ्यांमुळे घरातला उंबरा ओलांडताना देवाचं नाव घेते, ती चक्क नाचायला लागली! ते बघून दाजी नाचायला लागले. दाजींना नाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. शेडमध्ये कोंबडी धरताना करतात तसंच करत होते, पण मनापासून.

मी डोळे मिटले. बोटं पुन्हा माझी झाली होती. एक ओळ वाजवली की पुढची आपोआप आठवत होती. त्यात मी माझ्या पदरच्या दोन जागा घातल्या, ढोलवाल्याने मान डोलावली, मी आणखी दोन घातल्या. गॅस सिलिंडरची आठवणसुद्धा आली नाही.

आता रस्त्याचं सांगतो. देवळापासून थोडं पुढे फाटा आहे. उजवीकडे पूजाच्या वडिलांचा मळा. डावीकडे लग्नाचं लॉन, जिथे मी इतकी लग्नं वाजवलीत की तिथला कुत्राही मला ओळखतो. फाट्यावर माझे पाय सवयीने डावीकडे वळले. माझ्यामागे बँड वळला, बँडमागे घोडा, घोड्यामागे वऱ्हाड. नवापूरच्या लोकांना रस्ता माहीत नव्हता. मामा इथलाच, मग चिंता कसली? दाजींनी म्हणे मला विचारलंही होतं, "मळा तं उजवीकडे शे ना?" त्यावर मी एक लांबलचक तान मारली. दाजींना वाटलं, हेच उत्तर असावं.

लॉनच्या कमानीवर नवरीचं नाव होतं, "पूजा". (खानदेशात एका हंगामात किती पूजांची लग्नं होतात याचा कुणीतरी विचार करायला हवा.) नवरदेवाच्या नावावर फुगे आले होते. दारात बायका आरती घेऊन तयारच होत्या. वऱ्हाड आलं म्हणून "उनात, उनात!" ओरडत त्या पुढे धावल्या. निलेशला घोड्यावरून उतरवून ओवाळलं. त्याचे पाय धुतले. एक धिप्पाड गृहस्थ माझ्या गळ्यात पडले. "तुम्ही मामा का? या मामा, या!" त्यांनी मला नारळ दिला, टिळा लावला. मी एका हाताने नारळ धरून दुसऱ्या हाताने जमेल तेवढं वाजवत राहिलो. थांबवतच नव्हतं!

तेवढ्यात निलेशचा फोन वाजला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून त्याने सेहऱ्याखाली स्पीकर लावला. पूजा होती. आमची पूजा.

"कोठे शेतस तुम्ही?"

"दारमाच शे. तुन्ही आईनी आत्तेच आरती ओवाळी."

"मन्ही आई मन्हाजोडे उभी शे!"

माझा सूर मधेच तुटला. त्या दिवसातला माझा तेवढा एकच बेसूर, पण तो सगळ्यांनी ऐकला. आरतीवाल्या बाईंनी पुढे होऊन सेहरा वर केला.

"ओ माय वं! हाऊ कोन शे?"

"मी निलेश," भाचा म्हणाला. आवाज शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा.

"आमना जावई तं सागर शे!"

आणि सागर आला! उघड्या जीपमध्ये, डीजे लावून, शंभर एक लोक नाचवत. कमानीखाली दोन नवरदेव समोरासमोर उभे. सागरच्या वडिलांनी निलेशकडे पाहिलं, धुतलेल्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हाई काय शे? आम्हले थोडा उशीर व्हयना तं दुसरा नवरदेव उभा करी दिन्हा?"

आता हाणामारी होणार हे मला स्वच्छ दिसलं. मी क्लॅरिनेट छातीशी धरून मधे गेलो. "मन्ही चुकी शे. वाजाडता वाजाडता मी आठे वळनू."

"तुमनामा रस्ता दखनारं कोन्हीच नव्हतं का?" सागरचे वडील गरजले.

"मीच व्हतू," मी म्हणालो.

सागरच्या वऱ्हाडातून एकजण ओरडला, "अरे, हाऊ तं शहादाना मास्तर! मन्हा लगनमा यानीच वाजाडं व्हतं!"

त्याच्या शेजारी उभी असलेली त्याची बायको शांतपणे म्हणाली, "तव्हय बी चुकीना घरमाच लई उना व्हता."

सगळे हसले. सागरचे वडीलही हसले. सुटलो!

पण आमचं निम्मं वऱ्हाड एव्हाना आत जाऊन पंगतीला बसलं होतं. दाजी त्यांना उठवायला धावले. "उठा, उठा, हाई आपलं लगन नही!" नवापूरचे एक आजोबा उठायलाच तयार नव्हते. "वाढेल पान सोडीसन कसं उठू? लगन कोन्हं बी ऱ्हावो, बट्टी तं चांगली शे." दाजी घामाघूम होऊन मला म्हणाले, "कोंबड्या परवडन्यात हो. निदान एक बाजूले पळतस." ते धिप्पाड गृहस्थ मोठ्या मनाचे निघाले. माझा नारळ परत घेतला, पण म्हणाले, "जेवी जा ना मंग." आक्काने त्यांना हात जोडले. तिला मुहूर्त दिसत होता.

आम्ही निघालो, तर घोडा हलेना. लग्नातला घोडा तो, वाजल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. म्हणजे मला वाजवतच पळावं लागणार! भर उन्हात, डोक्यावर फेटा, तोंडात क्लॅरिनेट, मी पुढे पळतोय, मागे घोडा, घोड्यावर सेहरा सावरणारा निलेश, त्याच्यामागे हातात बट्टी घेतलेले आजोबा. फाट्याजवळच्या पाण्याच्या चारीवरून मी उडी मारली आणि नवी सफारी मागून उसवली. थोडीथोडकी नाही, चांगली पट्ट्यापासून खाली. थांबणं शक्य नव्हतं. फेटा सोडला, कमरेला गुंडाळला आणि पुढची ओळ उचलली.

मांडवाच्या दारात पूजाचे वडील उभे, त्यांच्याशेजारी शोभा. मुहूर्त टळून गेला होता.

शोभाने विचारलं, "फेटा कोठे शे?"

मी पाठ वळवून दाखवली. तिने वाकून पाहिलं. मग पदर तोंडात धरून आत पळाली.

पूजाचे वडील दाजींना काहीतरी कडक बोलणार, इतक्यात पूजानेच आतून सांगितलं, "बाबा, पहिले लगन लागू द्या. भांडन मंग करा." भटजींनी पुढचा मुहूर्त काढला. (भटजींकडे पुढचा असतोच.) मंगलाष्टकं झाली, टाळी लागली, अक्षता पडल्या. मामा म्हणून मी निलेशच्या मागे मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा होतो. सगळ्या फोटोंत मी त्या खांबालाच टेकलेला आहे. निलेशच्या सासरकडच्यांचा समज झालाय की मामांना कमरेचा आजार आहे.

जेवणं झाल्यावर आक्का मला शोधत आली. मी मान खाली घालून बसलो. रतन मास्तर कवळी धुऊन, परत बसवून, शेजारी मन लावून जेवत होते. तेही खायचे थांबले. आक्का माझ्याशेजारी बसली.

"भाऊ, ती आईनी चाल शे ना..."

"हां."

"पुरी कर ना. मधेच तुटी गयी व्हती." आणि मग लगेच, "पन एक जागे बशीसन!"

मी बसून वाजवली, शेवटपर्यंत. आक्का ऐकत राहिली. शोभाही खुर्ची ओढून बसली. तिथे कुणीही नाचलं नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी घरी वाजवतो. कामावर आहे तेच चालू आहे, तीच गाणी, तेच काका. पण सकाळचं वाजवणं माझं. आईच्या अर्धवट आठवणाऱ्या चाली शोधतो. चुकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो. एकेक ओळ सापडायला चार चार दिवस जातात. जाऊ देत. परवा अंघोळ करताना मी गुणगुणत होतो म्हणे, शोभाने सांगितलं.

शेजारच्या घरात बँकेतला एक तरुण नुकताच भाड्याने राहायला आलाय, बाहेरगावचा. परवा सकाळी वाजवून झालं आणि तो फाटकाशी आला. फार अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही क्लॅरिनेट शिकताय वाटतं? छान! या वयातही माणसाने नवीन काहीतरी शिकायलाच हवं. अजून जरा कच्चं आहे, पण सोडू नका. येईल."

स्वयंपाकघरातून शोभाच्या हातातलं ताट खाली पडल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "हो ना. आत्ताच सुरुवात केलीय."