सुमेधाताईंचा ब्रश

सुमेधाताईंना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात चष्म्याची एक जुनी डबी ठेवली. गुरुग्राममधलं त्यांचं घर खूप वरच्या मजल्यावर होतं, पण त्या दिवशी खिडकीतून काहीच दिसत नव्हतं. दिवाळीनंतरची ती आमची नेहमीची राखाडी हवा, समोरचा टॉवरसुद्धा गायब. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि असल्या वेळी माणसं जे बोलतात तेच बोललो. "आज चेहरा बरा दिसतोय. महिन्याभरात उठून बसाल बघा." त्या म्हणाल्या, "नाही, साहेब." आवाजात ना कडवटपणा, ना रडं. मी डबी उघडली. आत चष्मा नव्हता, रंगकामाचा एक बारीक ब्रश होता, मऊ केसांचा, दांड्यावरचा लाल रंग जागोजागी उडालेला. "आता हा तुमच्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "पण टाइमटेबल करू नका हं." मी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. आठवडा उलटायच्या आत सांगलीहून आलेल्या त्यांच्या भावाचा फोन आला, आणि तो काय सांगणार हे मला 'हॅलो' म्हणतानाच कळलं.

त्यांच्या त्या 'नाही'ची आणि माझी ओळख जुनी. मी केंद्र सरकारात नोकरी केली, आणि आमच्याकडे 'नाही' असं कुणी लिहीत नाही. आम्ही 'विचाराधीन' लिहितो, 'यथावकाश' लिहितो, फारच झालं तर फाइल दुसऱ्या खात्याकडे पाठवतो. डॉक्टरही मला तसेच भेटले. आमची रेवा जन्मली तेव्हा उशिरा रडली. तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडला, मग आकड्या आल्या, मग काचेच्या पेटीतले ते दिवस. पुढची काही वर्षं आम्ही नवराबायको तिला घेऊन दिल्लीभर हिंडलो आणि जिथं जाऊ तिथं 'बघू या', 'वेळ द्या', 'काही सांगता येत नाही' हेच ऐकत राहिलो. रेवाला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या आणि अंगठे आत. समजत मात्र सगळं होतं. 'हो' म्हणायचं तर डोळे वर न्यायचे आणि 'नाही' म्हणायचं तर मान डावीकडे वळवायची, ही भाषा तिनं आणि तिच्या आईनं, अलकानं, मिळून तयार केली होती.

रेवा चारेक वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत कुणीतरी सांगितलं की त्या निळ्या साडीतल्या बाई मानेसरला संशोधन करतात, नवजात बाळांच्या मेंदूवर. मी प्रसादाची वाटी हातात घेऊनच त्यांना गाठलं. नाव-गाव काही विचारलं नाही, सरळ सगळी हकिगत सांगितली आणि म्हणालो, "तुमच्या संशोधनाचा माझ्या मुलीला उपयोग होईल का?" त्यांनी रेवाकडे पाहिलं, खाली वाकून तिच्याशी काहीतरी बोलल्या, आणि उभ्या राहून म्हणाल्या, "नाही. मी ज्यावर काम करते ते जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांचं आहे. ते दिवस गेले." मला असा संताप आला! आरतीच्या गर्दीत मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी परतताना अलका मात्र गाडीत शांत होती. खूप दिवसांनी शांत होती. म्हणाली, "आपल्याशी कुणीतरी खरं बोललं." आणि पुढच्याच रविवारी तिनं त्या बाईंना जेवायला बोलावलं, मला न विचारता.

तेव्हापासून रविवार सुमेधाताईंचा. गुरुग्रामहून मेट्रोनं आयएनएला उतरायचं, तिथल्या बाजारातून ओला नारळ आणि कढीपत्ता घ्यायचा आणि चालत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरवर यायचं. लग्न केलेलं नव्हतं, दिल्लीत नात्याचं कुणी नव्हतं. रेवाची त्या मावशी झाल्या, अलकाची मैत्रीण झाल्या आणि माझी... मला वाटतं, मी आठवडाभर ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत असे ते माणूस झाल्या. पेपरात कुठं काही छापून आलं की मी कात्रण तयार ठेवायचो. अमुक देशात मज्जातंतू पुन्हा वाढवले, तमुक ठिकाणी लुळं पडलेलं चालायला लागलं. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचायच्या आणि कात्रण परत द्यायच्या. "उंदरांत," म्हणायच्या, म्हणजे माणसांत अजून नाही. पुढंपुढं तर मी कात्रण पुढं केलं की त्याआधीच अलका स्वयंपाकघरातून ओरडायची, "उंदरांत!" आणि त्या दोघी हसत सुटायच्या. मी चिडायचो. पण कात्रणं ठेवायचं काही सोडलं नाही.

एकदा मी कुणाचंच ऐकलं नाही. गुरुग्रामातच एक काचेच्या दारांचं क्लिनिक होतं. तिथं पाठीच्या कण्यात पेशी टोचून अशी मुलं सुधारतात म्हणे. तारीखही घेऊन ठेवली. सुमेधाताई एवढंच म्हणाल्या, "चलो, मीही येते." तिथला डॉक्टर फार गोड बोलत होता. "देखिए सर, बच्ची छोटी है, चान्सेस बहुत अच्छे हैं." सुमेधाताईंनी त्याला शांतपणे विचारलं, "किसमें अच्छे हैं? चूहों में, या बच्चों में?" त्यावर त्यानं आमच्यासाठी कॉफी मागवली, आणि कॉफी येईपर्यंत आम्ही बाहेर पडलो होतो. गाडीत मी भडकलो. "आम्ही आशा ठेवली तर तुमचं काय जातं हो?" त्या मागच्या सीटवर रेवाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं काहीच जात नाही, साहेब. सुई रेवाच्या पाठीत जाईल."

मग त्या दिवसभर तिकडं मानेसरला करतात तरी काय, हे अलकानंच एकदा मटार सोलता सोलता विचारलं. मला तोवर तेही धड माहीत नव्हतं. त्या सांगू लागल्या. मेंदूला इजा झाली की मेंदूतल्याच काही पेशी जाग्या होतात, एरवी त्यांचं काम झाडलोटीचं. त्या सुजतात, धावून जातात, मेलेलं उचलतात, आणि त्या धांदलीत शेजारचं जिवंतही खाऊन टाकतात. "मग त्यांना मारून टाकायचं," मी म्हणालो. "सगळ्यांनी तेच करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "पण थोड्या दिवसांनी त्याच पेशी रस्ता साफ करतात, नव्या तंतूंना वाढू देतात, त्यांच्यावर वेष्टण चढायला मदत करतात. सूज पुरती मोडली की दुरुस्तीही बंद. कर्फ्यूतल्या पोलिसांसारखं आहे हो. आधी दिसेल त्याला लाठी घालतात आणि नंतर तेच म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देतात. त्यांना कधी थांबवायचं आणि कधी काम करू द्यायचं, एवढंच मला शोधायचंय." आणि मग पाठीच्या कण्याचं एक सांगितलं. उंदराचं अगदी नुकतं जन्मलेलं पिल्लू असेल, तर त्याच्या मज्जारज्जूला झालेली इजा फारसा व्रण न धरता भरून येते. तेच पिल्लू थोडं मोठं झालं की नाही येत. "जन्मल्या जन्मल्या शरीराला हे येत असतं, आणि मग ते विसरतं. का विसरतं...?" मटाराची शेंग तशीच हातात धरून त्या बसून राहिल्या.

त्याच दिवशी ब्रश पहिल्यांदा पर्समधून निघाला. प्रयोगातल्या पिलांना आईपासून काही काळ दूर ठेवावं लागतं. उंदरीण पिलांना सारखी चाटत असते आणि त्या चाटण्याची त्यांना गरज असते, म्हणून प्रयोगशाळेत मऊ ब्रशनं पिलांच्या अंगावरून फिरवतात. ते काम त्या विद्यार्थ्यांवर सोपवत नसत. पर्समधला ब्रश मात्र तिथला नव्हता, रेवासाठीच आणलेला, कोरा. तो त्यांनी रेवाच्या मुठीच्या पाठीवरून फिरवला, करंगळीच्या बाजूनं सुरुवात करून मनगटाकडे, अगदी सावकाश. पुन्हा. पुन्हा. आणि रेवाची मूठ उघडली. आधी करंगळी, मग बाकीची बोटं, शेवटी आत दडलेला अंगठा. तिचा तळहात असा नीट, सावकाश पाहायला मिळणं आम्हाला नवीन होतं. आंघोळ घालताना बोटं उचकटून धुवायचो तेवढंच. रेवा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली आणि खुदकन हसली.

मला राहवलं नाही. "म्हणजे सुधारणा आहे ना?" "बिल्कुल नाही. ब्रश उचलला की मूठ मिटते, बघा." मिटली. "मग हा उपचार कसला?" "उपचार नाहीच आहे. तिला आवडतं." मी म्हणालो, ब्रश इथंच ठेवून जा, आम्ही रोज करू. त्यांनी तो डबीत घातला, डबी पर्समध्ये टाकली. "तुम्ही भिंतीवर टाइमटेबल लावाल, साहेब. सकाळी इतके वेळा, संध्याकाळी इतके वेळा. मग तिला ते आवडणार नाही." मला त्या पुरत्या ओळखून होत्या. त्यानंतर इतकी वर्षं ब्रश दर रविवारी यायचा आणि त्यांच्याबरोबर परत जायचा. रेवा जेवण झालं की आपली मूठ खुर्चीच्या ट्रेवरून पुढं सरकवायची, पाठ वर करून, आणि मावशीकडे बघत राहायची. मागायची तिची ती पद्धत.

एखाद्या रविवारी मात्र सुमेधाताई आल्या की थेट न्हाणीघरात जायच्या आणि कोपरापर्यंत हात धुवायच्या, बराच वेळ. एकदा अलका म्हणाली, "अगं सुमेधा, किती धुतेस!" तेव्हा त्या टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "तुमच्यावर जी रात्र चुकून आली ना, ती मी तिकडे मुद्दाम घडवते. कुणाच्या तरी पिल्लावर. प्राणवायू कमी करून, मोजून, तासांच्या हिशोबानं. मग रेवाला हात लावायचा म्हणजे..." वाक्य तिथंच राहिलं. अलकानं त्यांना जवळ घेतलं. मी बाहेर पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो.

सुमेधाताईंचा आजार कळला तो बराच पसरल्यावर. तिथंही डॉक्टरनं एका नव्या औषधाचं नाव काढलं तेव्हा यांनी विचारलंच, "उंदरांत की माणसांत?" आम्हाला हे सांगताना त्या हसल्या, अलकाही हसली, आणि मग दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. त्यांना जे शोधायचं होतं ते सापडलं का? नाही. थोडं कळलं, बरंच राहिलं. आम्ही पुढं काम करतोय, असं त्यांचे विद्यार्थी स्मशानात सांगत होते. मला ते ऐकवेना. बुद्धी, चिकाटी, एवढी माया, सगळं घेऊन एक बाई तिकडे मानेसरला आयुष्यभर एका प्रश्नावर बसली आणि तो अर्धाच ठेवून गेली. कुणी म्हणेल, ज्ञान असंच पुढं जातं. जात असेल. मला त्याचं समाधान वाटत नाही.

घरी त्याहून अवघड गोष्ट होती. रेवाला कसं सांगायचं? रेवा आता सोळा वर्षांची आहे. रविवारी बेल वाजली, अगदी इस्त्रीवाल्यानं वाजवली तरी, ती दाराकडे बघायची आणि मुठीनं ट्रेवर टकटक करून विचारायची. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी, बाळा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अलका उठून आत जायची. एकदा आतूनच म्हणाली, "मला सांगवत नाही. पण तुम्ही जे सांगता तेही ऐकवत नाही." एवढी वर्षं विचाराधीन लिहिलेला हात माझा, तोंडातून दुसरं काही निघेना. ब्रशची डबी कपाटात माझ्या मफलरांखाली तशीच पडून होती.

गेल्या रविवारी जेवणं झाली. बेल वाजलीच नव्हती, तरी रेवानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टकटक केली. 'पुढच्या' एवढं माझ्या ओठांवर आलं आणि मला ती गुरुग्रामची खिडकी आठवली, बाहेर काही न दिसणारी. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "नाही, रेवा. मावशी येणार नाही. मावशी खूप आजारी होती ना... ती गेली. आता कधीच येणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला रडताना आवाज काढता येत नाही, नुसतं पाणी वाहतं आणि अंग ताठ होतं. अलका दारात येऊन उभी होती. मग रेवानं मूठ ट्रेवरून माझ्याकडे सरकवली, पाठ वर करून.

मी कपाटातून डबी काढली. करंगळीच्या बाजूनं सुरुवात केली, मनगटाकडे, सावकाश, जसं इतकी वर्षं पेपराआडून पाहिलं होतं तसं. माझा हात जड आहे. ब्रशचे केस वाकत होते. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मूठ उघडली नाही. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती. मी थांबलो आणि तिचे डोळे वर जातात का ते बघत विचारलं, "बास करू का?"

रेवानं मान डावीकडे वळवली.