स्टँडजवळचं होस्टेल

वाकडी हे गाव घनसावंगीच्या अलीकडे, कालव्याच्या अंगाला. तिथून जालन्याला कॉलेजात शिकायला गेलेली पहिली मुलगी कौसल्या. साल एकोणनव्वद. तिला कुठल्या होस्टेलात ठेवायचं ते बघायला तिचे वडील रामकिसन आणि थोरले चुलते बद्रीनाथ तिला घेऊन जालन्याला गेले, तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याला विचारतील. विचारलं त्यांनी. न विचारता ठरवलं असतं तर एक वेळ विसरता आलं असतं.

पहिलं होस्टेल कॉलेजचं, कॉलेजच्याच आवारात. बैठी इमारत, पुढे लिंबाची झाडं, मागे मेस. खोलीत झुंबर नावाची परतूरची मुलगी ट्रंक उघडून बसली होती. तिने कौसल्याकडे नीट पाहिलंही नाही आणि म्हणाली, "खिडकीची खाट घे गं. दाराकडची घेशील तर रात्रभर पोरी पाय तुडवत्याल." कौसल्या खाटेवर टेकली. खिडकीतून प्रयोगशाळेचं कौलारू छत दिसत होतं. एवढ्यानेच तिचं ठरलं.

बद्रीनाथ मात्र मेसमध्ये उभा होता. पंचायत समितीत निवडून आलेला माणूस. कुठेही गेला तरी तपासणीला आल्यासारखा उभा राहायचा. रेक्टर मॅडमना त्याने विचारलं, "सैपाकाला कोण हाय?"

"दोन बाया आहेत."

"ते दिसून राह्यलं. कोणाच्या?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मुलींचं वजन वाढतं इथं. एवढं मला माहिती आहे."

"बिलकुल. वाढणारच की," बद्रीनाथ हसला आणि बाहेर आला.

दुसरं होस्टेल एका संस्थेचं, बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. वर पत्रे, खाली फरशी, मधे एक नळ. मेस नाही. तिथल्या मुलींचे डबे गावाहून एसटीने येत. सकाळच्या गाडीत आई डबा ठेवणार, कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागे रचणार, मुलगी स्टँडवर येऊन घेणार, आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने रिकामा डबा घरी जाणार. मराठवाड्यात कितीतरी पोरं अशी शिकली. गाडी चुकली तर उपास.

स्टँडवर रस पिताना रामकिसनने विचारलं, "बाई, तुला कोणतं बरं वाटलं?"

"कॉलेजचं."

"काहून?"

"प्रॅक्टिकलला जवळ पडंल." खिडकीचं तिला सांगता आलं नाही.

बद्रीनाथ म्हणाला, "हां, आणि खायला? कुणाच्या बी हातचं?" मग रामकिसनकडे वळून, "तुह्या घरात बाई धडधाकट हाय ना? मंग पोरीनं पंगतीला काहून बसावं?"

रात्री गोजरबाईने, कौसल्याच्या आईने, हे ऐकलं. जेठासमोर, म्हणजे बद्रीनाथसमोर, ती बोलत नसे. चुलीकडे तोंड करून, कुणालाच नाही अशा बेताने बोलायची आणि ते सगळ्यांना ऐकू यायचं. "मी जित्ती हाय तवर माझं लेकरू दुसऱ्याच्या हातचं खाणार न्हाई. मी करीन की पहाटं उठून. मला काय झालंय?"

झालं. प्रेमापुढे कुणाचं चालतं? कौसल्या स्टँडजवळच्या होस्टेलात राहायला गेली.

डबा तीन पुड्यांचा, पितळी कडीचा, झाकणावर रामकिसनचं नाव ठोकून घेतलेला. कापडात बांधून यायचा. भाकरी, भाजी, करडईच्या तेलातली चटणी, शनिवारी धपाटे. पण तो एकटा येत नसे. वाकडीचा कुणी ना कुणी गाडीतून उतरायचा आणि कौसल्याला न्याहाळायचा. "वाळली गं तू." "ओढणी नवी का?" "काल डब्याला उशीर केलास म्हणं." संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर हे सगळं वाकडीला परत जायचं. गोजरबाई तो डबा दाराशीच उघडायची. धुतलेला असला तरी वास घ्यायची. भाजी उरली तर दुसऱ्या दिवशी निरोप: बरं न्हाई का? घरची याद येऊन राह्यली का? एकदा अर्धी भाकरी परत गेली, तर रामकिसन स्वतः जालन्याला आला, मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला आणि त्याच गाडीने परत गेला.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकल दुपारची झाली. गाडी यायची तेव्हा कौसल्या कॉलेजात, परीक्षानळी हातात. डबा ठेवायचा कुठे? स्टँडच्या फाटकाला लागून सायकलचं दुकान होतं. सलीम तिथे पंक्चर काढायचा आणि त्याची आई जन्नतबी आत बाजेवर बसून सुपारी कातरायची. कंडक्टरनेच डबा तिथल्या खिळ्याला अडकवायला सुरुवात केली. कौसल्या येईपर्यंत भाजी पत्र्याखाली तापून आंबलेली असायची. आणि तोवर तिला भूक नसायची, कारण झुंबर तिला हात धरून मेसमध्ये न्यायला लागली होती.

"ही माझी मावसबहीण," झुंबरने वाढणाऱ्या बाईला सांगितलं.

"अशा किती मावश्या गं तुला?" बाई म्हणाली आणि ताट वाढलं.

लांब सतरंजी, समोरासमोर दोन रांगा. पाणचट वरण, जाड पोळ्या. प्रोफेसरच्या नकला, हसता हसता ठसका, "ए, तुझी भाजी दे, माझा भात घे." कुणी कुणाच्या ताटाकडे मोजून बघत नव्हतं. कौसल्या जेवायची आणि जेवून झालं की उठायची. एवढंच. पण असं उठणं तिला नवीन होतं.

अडचण डब्याची होती. तो भरलेला परत पाठवता येत नव्हता. पहिल्या दिवशी ती सायकलच्या दुकानामागे गटाराशी डबा घेऊन उभी राहिली, तर जन्नतबी ओरडली, "अगे बेटी, इत्ती मेहनतका खाना, नालीमें डालती क्या? ला इधर."

तेव्हापासून तो डबा जन्नतबी खाऊ लागली. तिला दात कमी. भाकरी भाजीत कुस्करून खायची. सलीम कौसल्याला म्हणायचा, "ताई, अम्मीनं घरी सैपाक बंद केला. आमी आता तुमच्या आईच्या भरवशावर." जन्नतबीला वाकडीच्या घरातलं सगळं कळू लागलं, चवीवरून. "आज तेरी माँका जी ठिकानेपे नहीं था. मिरची जास्ती पड़ी." आणि कधी, "उसके हातको जस है, बोल उसको." कौसल्या मान हलवायची. बोलणार कशी?

इकडे डबा रोज रिकामा येत होता आणि गोजरबाई फुलत होती. शेजारणींना सांगत होती, "आता रुळली माझी पोरगी. कण ठेवत न्हाई." तिने भाकऱ्या वाढवल्या. तूप घालू लागली. थंडीत बाजरीची भाकरी गरम राहावी म्हणून डब्याला जुन्या लुगड्याचं जाड वेष्टण शिवलं. कौसल्याला ते वेष्टण बघून दोन दिवस मेसमध्ये घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी उतरला.

आईला खरं सांगावं असं तिला वाटलं नाही असं नाही. संक्रांतीला घरी गेली तेव्हा ती म्हणाली, "आई, तू नको उठत जाऊ एवढ्या पहाटं. कॉलेजात मेस हाय, पोरी जेवत्यात."

गोजरबाई पीठ मळता मळता थांबली. "माझा कटाळा आला का तुला?"

"तसं न्हाई गं."

"मंग?"

कौसल्याने विषय सोडला. तिथे ती सगळ्यात जास्त चुकली, आणि अशी चूक अशाच घरात होते, जिथे "नको" या शब्दाचा एकच अर्थ लावतात.

फेब्रुवारीत बद्रीनाथ कचेरीच्या कामाला जालन्यात आला. काम लवकर आटोपलं. स्टँडच्या फाटकाशी त्याला पितळी कडीचा डबा दिसला. एक मुसलमान म्हातारी त्याचं मधलं पुडं मांडीवर घेऊन निवांत जेवत होती. त्याने पुढे होऊन झाकण वाचलं.

"हा डबा कुणाचा?"

"कौसल्याबेटीका," जन्नतबी म्हणाली. आपण चुलता आहोत असं त्याने सांगताच तिने पदर सावरला. "बैठो भाई. आतीच होंगी कालिजसे. सलीम, चाय बोल."

तेवढ्यात कौसल्या आलीच. झुंबरबरोबर, वह्या छातीशी धरून, मोठ्याने हसत. हसणं तसंच राहिलं चेहऱ्यावर, खाली यायला वेळ लागला.

बद्रीनाथने म्हातारीच्या मांडीवरचं पुडं घेतलं, त्यात मोडलेली भाकरी होती तशीच राहू दिली, डबा लावला आणि गाडीत जाऊन बसला. चहा आला तो सलीमने पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी रामकिसन तिला घ्यायला आला. वाटेत एका स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "भूक लागली का?" आणि विचारल्यावर तोच कसनुसा झाला.

घरात बद्रीनाथने डबा मधोमध ठेवला होता. उघडा. "ही आपल्या घरची भाकर. कुणाच्या तोंडात गेली ते मी डोळ्यांनी बघून आलो. आणि ही बया रस्त्यानं खिदळत येऊन राह्यली. वाकडीचे धा माणसं रोज त्या स्टँडवर उतरतेत. उद्या कोण करंल हिला?"

"आबा, ती म्हातारी हाय," कौसल्या चुलत्याला म्हणाली. "माझी कुणी न्हाई ती. फेकण्यापरीस—"

"फेकण्यापरीस! ऐका."

रामकिसन मग जे बोलला ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं असावं. "भाऊ, परीक्षा तोंडावर हाय. पोरीनं चुकी केली. मंग असं करू, तिला कॉलेजच्याच होस्टेलात टाकू. तिथंच जेवंल. डबा न्हाई, स्टँड न्हाई. कटकट मिटली."

कौसल्याने वर पाहिलं. बद्रीनाथलाही यात खोट काढता येईना. सगळं आता चुलीकडे तोंड करून बसलेल्या बाईवर आलं. तिने एक हुंकार भरला असता तरी चाललं असतं.

गोजरबाई उठली. तिने डब्यातली मोडकी भाकरी हातात घेतली, वाळून कडक झालेली. आणि जेठासमोर, पहिल्यांदाच, तोंड वळवून बोलली.

"महिनोन्‌महिने मी पहाटं उठले. कुणासाठी थापीत होते मी?" मग कौसल्याला, "तिथलंच गोड लागत होतं ना तुला? मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं होतं, आई."

"न्हाई सांगितलं." तिने भाकरी चुलीत टाकली. "आता घरी र्‍हा. माझ्या डोळ्यासमोर खा."

बद्रीनाथला जे एवढी भाषणं करून जमत नव्हतं ते आईने एका वाक्यात करून टाकलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा रखमाजी, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. भला माणूस, हंगामात घरी यायचा तो मळीच्या वासासकट. कौसल्या क्वार्टरमध्ये राहिली, दोन मुलं झाली, कॉलनीतल्या पोरांना विज्ञान शिकवलं, तेही दहावीपर्यंतचं, कारण त्यापुढचं तिचंच अर्धं होतं. तिला कुणी छळलं नाही. तक्रार करावी असं काही हाताला लागायचं नाही, आणि हेच तिला जास्त खुपायचं. शहाण्णवला बद्रीनाथने स्वतःची मुलगी औरंगाबादला शिकायला ठेवली. होस्टेलात. मेस चांगली आहे, असं त्याने आवर्जून येऊन सांगितलं. कौसल्याने त्याला चहा केला.

रामकिसन गेल्यावर गोजरबाई लेकीकडे राहायला आली. आता सैपाक कौसल्याचा आणि गोजरबाई खाणारी. भाजीत तेल जास्त झालं, भाकरीला पापुद्रा आला नाही, हे ती रोज सांगायची. कौसल्या ऐकून घ्यायची. जालन्याचं नाव त्या घरात निघत नव्हतं. दोघी त्याला वळसा घालून चालायच्या, खोलीतल्या खांबाला घालतात तसा.

एका दुपारी दोघी ओट्यावर तूर निवडत होत्या. कारखाना बंद होता, कॉलनी शांत. सुपात बोटं फिरवता फिरवता गोजरबाई एकदम म्हणाली, "काय असायचं गं तिथं?"

"कुठं?"

"त्या मेशीत."

कौसल्याचे हात थांबले. इतक्या वर्षांनी. "वरण असायचं," ती म्हणाली. "पाणचट. जाड पोळ्या."

"भाजी?"

"बटाट्याची. कधी कोबी."

"कोबी!" गोजरबाईला हसू आलं. "आणि त्याच्यासाठी माझं धपाटं टाकीत होतीस?"

"धपाट्याला काही खोट नव्हती, आई. तिथं जेवून उठलं की झालं. कुणी वाट बघत नव्हतं, रिकामं ताट बघायला."

गोजरबाईला ते कळलं की नाही, तिच्या तोंडावरून समजलं नाही. ती खडे वेचत राहिली. मग, लेकीकडे न बघता, अगदी हळू, जणू आता एवढंच मिळालं तरी पुरे अशा आवाजात तिने विचारलं, "मीठ तरी बराबर असायचं का?"

न्हाई म्हणायला काय जात होतं? म्हातारी त्या एका शब्दावर उरलेली वर्षं काढणार होती. आणि खरं तर मीठ कधी कमी असायचं, कधी जास्त.

"बराबर असायचं," कौसल्या म्हणाली.

गोजरबाईने सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.